साहेब येणार म्हणून वावर झाडलं

आमच्या मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, घाण बघवत नाही. हे मला लग्नाआधीच कळलं होतं. माझे वडील केंदूरहून स्थळ बघायला आले, तर मामांनी पोरगा दाखवायच्या आधी गोठा दाखवला. गोठ्यात म्हणे शेणाचा एक पो दिसत नव्हता. वडील घरी येऊन आईला म्हणाले, "पोरगं कसं हाय ते काय उमजलं न्हाई, पण म्हशी सुखात हायेत." माझं लग्न म्हशींच्या शिफारशीवर झालं, असं मी नवऱ्याला अजून सुनावते. तो हसतो आणि कामावर निघून जातो.

आमचं गाव वरवंड आणि केडगावच्या मधे, हमरस्त्यापासून आत, कालव्याच्या अंगाला. नवरा कुरकुंभला एका कारखान्यात आहे. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. शेतात तो पाहुण्यासारखा येतो, बांधावर उभा राहून "काय म्हणतंय" विचारतो आणि झोपायला जातो. शेती मामांची आणि माझी. पावसाळ्यात झेंडू, आणि तो दसरा-दिवाळीला संपला की त्याच वावरात गरवा कांदा. माझ्या लग्नापासून हेच चालू आहे.

मामांच्या वावरात तण सापडायचं नाही. बांधाला ते खोऱ्यानं धार लावायचे. तोडणी झाली की सरीत पडलेली फुलंसुद्धा वेचून घ्यायचे, फूल पायाखाली येऊ नये म्हणून. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणतात. कुणाच्या रानात गवत माजलं की लोक म्हणायचे, "आप्पांना हिकडनं नेऊ नका रं, ताप भरंल त्यांना." मामांना ते ऐकून बरं वाटायचं. त्यांचं सगळं बरं वाटणं त्या वावरातच होतं. घरात ते फार बोलत नाहीत, चहात साखर विसरली तरी बोलत नाहीत. दुःखाच्या बाबतीत त्यांचं एकच शास्त्र, झाकली मूठ सव्वा लाखाची. आमची दुभती म्हैस गेली तेव्हा बांधशेजाऱ्यालासुद्धा दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तेही दूध मागायला आला म्हणून.

मी दुष्काळी गावची. आमच्याकडं सरकार यायचं ते टँकर घेऊन. वडिलांच्या रानात कुणी साहेब पाहणीला आलाच, तर बांधावर उभं राहिल्या राहिल्या त्याला सगळं दिसायचं. जिथं उगवलंच नाही तिथं लपवायचं काय आणि दाखवायचं काय? साहेब मान हलवायचा, वडील मान हलवायचे, झाला पंचनामा. पाण्यानं होणारं नुकसान निराळं असतं, हे मला सासरी आल्यावर कळलं. आणि तेही लवकर नाही कळलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर पाऊस लागला. परतीचा पाऊस येतो, पडतो, जातो. हा जाईना. ओढ्याचं पाणी बांध ओलांडून वावरात शिरलं आणि सावकाराच्या माणसासारखं बसून राहिलं. झेंडू तोडणीला आला होता. वरून पिवळाधमक, आणि हातात घेतला की देठापासून काळा, पिचपिचीत. पाणी ओसरलं तेव्हा झाडं माना टाकून पडली होती. देवघरातलं निर्माल्य चार दिवस काढायचं राहिलं तर जो वास येतो, तो सगळ्या वावराला येत होता. मामा बांधावर उभे होते. मी रडले. मला राग आला की रडू येतं, ही माझी लहानपणापासूनची खोड. लोकांना वाटतं बाई हळवी आहे.

मग कोतवाल दारात येऊन सांगून गेला. उद्या पंचनाम्याला साहेब येणार, तलाठी भाऊसाहेब असतील, कृषी खात्याचं माणूस असेल, मालकानं आपापल्या वावरात हजर राहायचं. मामांनी त्याला पाणी दिलं, आणि तो कोपऱ्यावर वळायच्या आत खोरं उचललं.

ते कुठं निघालेत हे मला आधी कळलंच नाही. मागोमाग गेले, तर ते पहिल्या सरीतली झाडं उपटत होते.

"मामा," मी म्हटलं, "साहेब नुकसानच बघायला येणारेत. राहू द्या की हाय तसं."

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "पाव्हण्याला काय उकिरडा दावायचा व्हय? कोण म्हणंल, कसलं रान ठेवलंय ह्यानं."

"एक कोपरा तरी ठेवा."

"आगं, पाऊस पडला हे लोकाला ठावं न्हाई व्हय? साऱ्या गावाला म्हाईत हाय. साहेब काय दुसऱ्या मुलखातनं येतोय?"

पाऊस खरंच सगळ्यांवर पडला होता. साहेबावरही पडला असणार. शिवाय मामांचं एक गणित होतं, आणि ते शेतकऱ्याचं गणित होतं. वावर मोकळं झालं तर वाफसा आल्या आल्या कांदा लावता येतो. वाफसा म्हणजे मातीचा चिखलही नाही आणि ढेकूळही नाही अशी वेळ, मूठभर उचलली की बोटांतून मोकळी होते. ती वेळ येते तशी जाते, कुणाच्या सोयीनं थांबत नाही. म्हणून मीही पदर खोचला. गावातल्या दोन बाया रोजानं बोलावल्या. आम्ही दिवस मावळेपर्यंत कुजकी झाडं उपटून ओढ्याकाठच्या खड्ड्यात टाकली. मामांनी वरून माती ओढली. सऱ्या सारख्या केल्या, वाहून आलेला कचरा वेचला, बांधाला धार लावली. घरी येऊन हातपाय धुताना म्हणाले, "सकाळी पोहं कर. आन् कप ते चांगलं काढ."

साहेब म्हणून जिची वाट बघत होतो, ती कृषी सहायक एक तरुण मुलगी निघाली. स्कूटी रस्त्यावर लावून, चपला हातात घेऊन चिखलातून चालत आली. मागून तलाठी भाऊसाहेब. मामा धुतलेली टोपी घालून बांधावर उभे होते. मुलीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि विचारलं, "काका, पीक कुठंय?"

"काढलं की," मामा म्हणाले. अभिमानानं म्हणाले.

"काढलं म्हणजे? तोडून विकलं?"

"इकतोय कुठला? सडलं हुतं समदं. तुमी येणार म्हणल्यावर रान साफ करून घेतलं."

मुलगी भाऊसाहेबांकडं बघायला लागली. भाऊसाहेब ओढ्याकडं बघायला लागले. मग ती म्हणाली, "काका, मला वावरात उभं राहून फोटो काढावा लागतो. या फोटोत तोडणी होऊन मोकळं झालेलं रान दिसतंय. वर कुणीही बघितलं तर म्हणेल, यांची फुलं विकून झाली."

मी मधे पडले. म्हटलं, खड्ड्यात ढीग आहे, माती बाजूला सारते, त्याचा फोटो काढा. ती यायला तयार होती, एवढं मी तिच्या बाजूनं सांगेन. चार पावलं आलीसुद्धा. मग फोनकडं बघून थांबली. खड्डा ओढ्याच्या कडेला, सातबाऱ्यावरच्या आमच्या गटाच्या बाहेर. फोटो कुठं काढला ते फोन स्वतःच लिहितो म्हणे, आणि तो लिहिणार की हे नुकसान ओढ्याचं आहे. मी म्हटलं, "मग ढीग परत आत आणून टाकते." मी गमतीनं म्हटलं नव्हतं. पण मामांनी बांधावरून हाक मारली, "राहू दे गं. पोहं गार व्हत्यात."

त्यांनी पोहे खाल्ले. चांगली माणसं होती, खोटं कशाला बोलू? मुलीच्या पायाला चिखल वाळून चिकटला होता आणि तिला अजून निम्मं गाव फिरायचं होतं. भाऊसाहेब "बघू, करू काहीतरी" म्हणाले. जाताना वावराकडं वळून म्हणाले, "आप्पा, रान बाकी एक नंबर ठेवलंय." मामा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खूश होते.

पुढं यादी ग्रामपंचायतीत लागली. आमच्या बांधशेजाऱ्याचं नाव त्यात होतं. त्याच्या रानात पावसाच्या आधीपासून गवत गुडघ्याएवढं होतं, पंचनाम्याच्या दिवशी तो स्वतः उठलाही नव्हता, बायकोनं वावर दाखवलं. मामांचं नाव नव्हतं. भाऊसाहेबांना विचारलं, तर त्यांनी आमच्या गटापुढं काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. निरंक. म्हणजे काही नाही. या गटात नुकसान झालेलं नाही.

गावाला विषय मिळाला. त्या दसऱ्याला झेंडू औषधालासुद्धा मिळत नव्हता. ज्याच्याकडं चार फुलं शिल्लक राहिली, त्यानं म्हणेल तो भाव घेतला. आणि आमचं वावर ऐन दसऱ्यात रिकामं, झाडल्यासारखं स्वच्छ. लोकांनी दोन आणि दोन चार केले. पारावर कुणीतरी म्हणालं, आप्पांनी गपचिप सोनं केलं. बांधशेजारी वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, "आप्पा, आमच्या आळसाला सरकार पावलं बघा." तो चेष्टेनंच म्हणाला, माणूस वाईट नाही. मामा घरी आले ते जेवायला बसले नाहीत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी बसून म्हणाल्या, "गाढव बी गेलं आन् ब्रह्मचर्य बी गेलं. आजून पुसा म्हणावं रान." मामांनी ऐकलं.

ते पैशासाठी झुरत होते असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. कांदा लागला होता, घर चाललं होतं. त्यांना तो निरंक झोंबला. त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं, हातांनी उपटलेलं, ते झालंच नाही असं सरकारनं लिहून ठेवलं होतं. आणि गाव त्यावर विश्वास ठेवत होतं. रोज सकाळी चहा घेताना ते तेच म्हणायचे, "झालंच न्हाई म्हणत्यात." मला ते ऐकून ऐकून वीट आला. शेवटी मीच म्हटलं, चला दौंडला.

केडगावहून गाडीनं दौंडला गेलो. तहसील कचेरीत रांग होती, रांगेत आमच्यासारखेच लोक होते. कुणाचं आधार जुळत नव्हतं, कुणाच्या भावाची संमती नव्हती. आमचं प्रकरण कुठल्याच खिडकीचं नव्हतं. शेवटी एका कारकुनानं ऐकून घेतलं. मामांनी टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "साहेब, पैसं नका देऊ. तेवढं निरंक खोडा. नुकसान झालं, एवढं लिवा."

कारकुनानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आजोबा, नुकसान लिहिलं की पैसे द्यावे लागतात. पैसे द्यायचे तर फोटो लागतो. फोटो नाही म्हणजे नुकसान नाही."

"आन् झालं त्ये?"

"ते झालं असेल हो. मी कुठं नाही म्हणतो?"

मी म्हटलं, "पावसाला सांगा मग, पुढच्या खेपेला फोटो काढूनच पड म्हणावं." कारकून हसला. त्याचेही डोळे झोपेला आले होते. अर्ज द्या म्हणाला, दिला. पुन्हा या म्हणाला, पुन्हा गेलो. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आम्हाला काय नवीन नव्हतं. थांबलो. मग जायचं थांबवलं. अर्ज अजून तिथंच असेल, कुणी झाडून काढला नसेल तर.

त्या पहिल्या खेपेची परतीची गाडी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मामा खिडकीपाशी बसले होते. रुळांच्या कडेनं कितीतरी रानांत सडलेली पिकं तशीच उभी होती, काळी पडलेली बाजरी, पिवळा पडलेला कांदा. एरवी ते बघून मामांच्या कपाळाला आठी पडली असती. त्या दिवशी ते प्रत्येक रान नीट बघत होते. केडगाव जवळ आलं तेव्हा म्हणाले, "ही समदी शानी." मला त्याच वेळी काहीतरी बोलायला हवं होतं असं नाही, बोलून काय झालं असतं? मामा जे बघून शिकतात ते शिकतात.

पुढच्या वर्षी पावसानं पत्ता बरोबर लक्षात ठेवला. पुन्हा दसऱ्याच्या तोंडावर, पुन्हा ओढ्यातून, पुन्हा झेंडूत. पाणी ओसरल्यावर मी सवयीनं खोरं घेऊन निघाले, तर मामा दारात बसले होते. "कुनी हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. सगळ्यांना म्हणाले, म्हशीला वैरण टाकणाऱ्या नवऱ्यालासुद्धा.

मग ते बांधावर जाऊन बसायला लागले. सकाळी जायचे, जेवायला यायचे, पुन्हा जायचे. पीक राखावं तसं मामा सडकं राखत होते. दरवर्षी त्या सुमाराला धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तांडा, आमच्याकडून जातो. मामा त्यांची वाट बघायचे, मेंढ्या एक रात्र वावरात बसवून घ्यायचे, त्या खतावर कांदा पोसायचा. धनगराला ज्वारी, गूळ, वरून पाटीभर भाकरी. तो त्या वर्षीही आला, आणि मामांनी त्याला बांधावरूनच परत लावलं. मेंढ्यांनी उरलंसुरलं खाल्लं असतं तर दाखवायचं काय? धनगर माझ्याकडं आला आणि म्हणाला, "वैनी, आप्पांचं काय चुकवलं का आमी?" मी त्याला चहा दिला. काय सांगणार होते?

पाहणी लांबली. साहेब लोकांकडं गावं पुष्कळ आणि माणसं थोडी, हे मी समजू शकते. बाकीच्यांनी आपापल्या फोनवर फोटो काढून ठेवले आणि रानं मोकळी करायला घेतली. मामांचा त्यावर विश्वास नव्हता. "त्यांच्या फोनात आला पायजे. आपल्या फोनातलं कोन बघतंय?" वाफसा आला. मी बांधावर जाऊन माती मुठीत धरली, मोकळी झाली. कांद्याचं रोप कोपऱ्यातल्या गादीवाफ्यावर तयार होतं, दिवसेंदिवस थोराड होत चाललं होतं. आणि वावरात तो काळा लगदा तसाच. वारं घराकडं फिरलं की आत्याबाई खिडक्या लावून घ्यायच्या.

एका सकाळी माझा ताबा सुटला. "मामा, वाफसा चाललाय. सरकार काय कांदा लावून देणार हाय का? चार झाडं ठेवा, बाकी काढू द्या मला."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मागल्या साली माझं चुकलं म्हणलं समद्यांनी. तू बी म्हणलीस, कोपरा ठेवा. आता आख्खं ठेवलंय. आता तरी बरोबर म्हण की."

मी घरी आले आणि नवऱ्यावर ओरडले. तो नुकता रात्रपाळीहून आला होता. "जाऊ दे ना, चार पैसे येतील," म्हणाला. मी त्याला म्हटलं, तुला पैसे दिसतात, मला तुझा बाप दिसतोय. तो जेवला आणि झोपला. त्यालाही दोष देत नाही मी. बारा तास उभं राहून आलेल्या माणसाशी भांडायलासुद्धा जोर लागतो, तो माझ्यात उरला नव्हता.

शेवटी ती आली. तीच मुलगी, तीच स्कूटी. त्या दिवशी मामांनी मला पोहे करायला सांगितलं नाही. चहासुद्धा नको म्हणाले. मी मागोमाग गेले, बांधावर थांबले. मुलीनं वावर बघितलं आणि म्हणाली, "काका, या वेळेला बरं केलंत, तसंच ठेवलंत." मागच्या वेळी भाऊसाहेबांनी रानाची तारीफ केली तेव्हा मामा कसे ताठ झाले होते, ते मला आठवलं. या तारिफेला त्यांनी नुसती मान हलवली.

"तुम्ही जरा मधे उभे राहा," ती म्हणाली. "फोटोत शेतकरी दिसायला लागतो."

मामा आत गेले. पाय घोट्यापर्यंत लगद्यात गेला. जी फुलं पायाखाली येऊ नयेत म्हणून हा माणूस सरी वेचायचा, त्यांच्यावर उभं राहून त्यानं विचारलं, "तोंड दिसायला पायजे का?"

मुलीनं फोन खाली घेतला. "हो काका."

"पाठमोरं न्हाई चालायचं?"

"नाही हो काका. तोंड दिसायला लागतं." तिचा आवाज बारीक झाला होता. मामांनी टोपी सारखी केली आणि वळले. मी ओढ्याकडं तोंड केलं.

पैसे आले. कधीतरी आले, फोनवर मेसेज वाजला. किती आले ते सांगत नाही. ज्यांनी घेतलेत त्यांना माहीत आहे, ज्यांनी घेतले नाहीत त्यांना खरं वाटायचं नाही. कांदा उशिरा लागला, थोराड रोपाचा लागला, निम्म्याला डेंगळे आले. डेंगळा म्हणजे कांद्याला फुलाचा दांडा फुटतो आणि कांदा आतून पोकळ होतो, व्यापारी हातसुद्धा लावत नाही. मामांनी ते डेंगळे मोडले नाहीत. बांधशेजारी म्हणाला, "आप्पा, शिकलात आता." मामा हसले. ते हसू मला आवडलं नाही, अजूनही आठवलं की आवडत नाही.

त्यानंतर बांधावर गवत दिसायला लागलं. आधी मला वाटलं, वय झालं, वाकवत नसेल. मग बघितलं तर गोठ्यात ते तासभर वाकून झाडत होते. वावरात मात्र खोरं घेऊन जायचे आणि तसेच परत यायचे. "आप्पांना ताप भरंल" ही चेष्टा गावात कधी बंद पडली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. सरकारनं मदत केली नाही असं मी म्हणणार नाही, मेसेज आहे फोनमध्ये. पण कुणी मला विचारलं की तुमचं काय बुडालं, तर मला झेंडू आधी आठवत नाही.

यंदाही पाऊस आला. तिसऱ्यांदा त्याच त्या गोष्टीवर रडायलाही लाज वाटते. पाणी ओसरल्यावर सकाळी धारा काढून मी वावराकडं गेले, तर मामा बांधावर उभे होते. हातात खोरं होतं. वावरात तेच, माना टाकलेलं, काळं, निर्माल्याचा वास. ते खाली उतरत नव्हते आणि माघारीही फिरत नव्हते. माझी चाहूल लागली तसं म्हणाले, "काय करायचं गं?"

माझ्या इतक्या वर्षांच्या संसारात मामांनी मला वावरातलं कधी काही विचारलं नव्हतं. मलाच काय, कुणालाच नाही. कुठला झेंडू, कधी पाणी, कुठून नांगर, सगळं त्यांच्या डोक्यात तयार असायचं आणि आम्ही ऐकायचो. त्याचा मला किती राग यायचा. आणि आता ते माझ्या तोंडाकडं बघत उभे होते, आणि मला तो जुना हेकट माणूस परत पाहिजे होता.

"साफ करू, मामा," मी म्हटलं. "आजच करू. आधी फोटो काढून ठेवते. साहेब आले तर दावू. मानलं तर मानलं."

मानणार नाहीत, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. पण ते म्हणाले, "बरं." मला जरा हलकं वाटलं. मी कमरेचा फोन काढला, काच पदरानं पुसली आणि वावर आत येईल असा आडवा धरला.

आडव्या फोनमध्ये मामा दिसले. न सांगता ते बांधावरून उतरले होते. लगद्यातून चालत वावराच्या मधोमध गेले, खोरं बाजूला टाकलं, टोपी सारखी केली आणि माझ्याकडं तोंड करून उभे राहिले.

"मामा, तुम्ही नका थांबू," मी म्हटलं. "नुसतं रान घेते मी."

"आसू दे," ते म्हणाले. "तोंड दिसाय लागतं."

मला इतका राग आला की रडूसुद्धा आलं नाही. मी फोटो काढला. मग पदर खोचला, खाली उतरले, आणि आम्ही दोघं पहिल्या सरीपासून उपटायला लागलो.